बॅटऱ्या नव्या, चार्जर जुना

प्रश्न : नमस्कार काका. आमची बामणोलीला छोटी बोट आहे, वासोट्याच्या ट्रेकिंगवाल्यांना पलीकडं सोडतो आणि संध्याकाळी आणतो. दिवाळीआधी जुन्या पाणी टाकायच्या दोन बॅटऱ्या काढून एजीएम म्हणजे पाणी न टाकायच्या सीलबंद घेतल्या, १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर), एक इंजिनच्या स्टार्टरला आणि दुसरी लाईट, बोटीतलं पाणी उपसायचा पंप, स्पीकर, पाहुण्यांचे मोबाईल असल्या लोडला. चार्जर मात्र जुनाच, बोटीचा म्हणूनच घेतलेला, दोन आउटपुटचा, प्रत्येकी १० अँपिअर. तो काठावरच्या शेडमध्ये भिंतीला ठोकलाय, तिथनं पाचेक मीटर वायर बोटीपर्यंत. आता रात्रभर लावला तरी हिरवा दिवा लागत नाही आणि बॅटऱ्या हाताला चांगल्या गरम लागतात. दुकानदार म्हणतो चार्जर बदला, आमचा वायरमन म्हणतो नवीन बॅटरीला असंच होतं, चार दिवसांत बसेल. कुणाचं ऐकू?
— एक बोटवाले, बामणोली, जि. सातारा

उत्तर : दादा, आधी आज रात्री चार्जर लावू नका, मग पुढचं वाचा. नवीन बॅटरी जरा कोमट होणं वेगळं आणि गरम होणं वेगळं, चार दिवसांत बसेल म्हणणाऱ्याचं ऐकलं तर ती कायमचीच बसेल.

माझा अंदाज असा की चार्जर अजून जुन्याच बॅटरीच्या सेटिंगवर चाललाय. बोटीच्या बहुतेक चार्जरला कुठंतरी बारीक स्विच किंवा बटण असतं, वेट (म्हणजे पाणी टाकायची), एजीएम, जेल (आत घट्ट ॲसिडवाली) असं लिहिलेलं, कधी कधी ते झाकणाच्या आत असतं म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. पाणी टाकायच्या बॅटरीला १४.८ पर्यंत व्होल्टेज चालतं, आणि काही चार्जर त्या सेटिंगवर मधनं मधनं इक्वलाईज नावाचा डोस देतात, साडेपंधरा व्होल्टच्या आसपास, म्हणजे ॲसिड खदखदून वरखाली ढवळलं जावं म्हणून. जुन्या बॅटरीत उडालेलं पाणी आपण डिस्टिल वॉटर टाकून भरून काढायचो. एजीएम सीलबंद, तिच्यात गेलेलं पाणी परत घालायला भोकच नाही! तिला साधारण १४.४ ते १४.७ आणि फुल्ल झाल्यावर फ्लोटला, म्हणजे नुसती भरलेली टिकवायला, १३.५ च्या आसपास लागतं, नक्की आकडा बॅटरीच्या कागदावर बघा, तोच खरा. मी स्वतः एकदा घरच्या जेल बॅटऱ्या वेटच्या सेटिंगवर ठेवून फुगवल्यात, जेलला तर त्याहून कमी लागतं, १४.१-१४.२, त्यामुळं शहाणपणा शिकवतोय असं समजू नका.

तर २३० चा प्लग काढा, स्विच एजीएमवर करा, इक्वलाईज वेगळं असेल तर बंद करा, आधी लाल-काळी वायर बॅटरीला लावा आणि मगच मेन चालू. काढताना उलट, आधी मेन बंद. चिमटा लावताना ठिणगी उडते आणि चार्जिंगवेळी हायड्रोजन निघू शकतो, बॅटरी बंद पेटीत असेल तर झाकण उघडं ठेवा. चार्जरला एजीएमचं सेटिंगच नसेल तर मात्र दुकानदाराचं बरोबर आहे, बदला.

आता हिरव्या दिव्याचं. तुमच्याकडं रात्री लाईट सलग टिकते का हो? अर्धी उतरलेली १०० एएचची बॅटरी म्हणजे ५० एएच भरायचं, १० अँपिअरनं त्यालाच पाचेक तास, आणि नंतर शेवटचा हप्ता हळूहळू जिरवायला अजून दोन-चार तास. पहाटे तीनला लाईट गेली की बरेच चार्जर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, मग हिरवा लागणार कधी? आणि हा शेवटचा हप्ता रोज राहिला की आत सल्फेट साचत जातं, १०० ची बॅटरी वर्षभरात ६० ची झाली असं लोक म्हणतात ते बऱ्याचदा ह्यानंच.

वायर पण बघा. पाच मीटर जायची पाच यायची, घरातली २.५ स्क्वेअर एमएमची वापरली असेल तर १० अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरच खाऊन टाकते, ६ स्क्वेअर टाकली तर तेच ०.३ वर येतं. मल्टीमीटर घ्या, चार्जिंग चालू असताना चार्जरच्या टोकाला आणि बॅटरीच्या टर्मिनलला मोजा, फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल. माझं मत विचाराल तर चार्जर बोटीत न्या, बॅटरीपासून हातभर अंतरावर पण बॅटरीच्या बरोबर वर नको, आणि प्रत्येक लाल वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाका. मग २३० ची वायर पाण्यावरनं येणार, म्हणून शेडमध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच, पाहिजेच, तो नसेल तर राहू द्या चार्जर भिंतीलाच, फक्त वायर जाड करा.

एप्रिल-मेमध्ये इंजिनशेजारची पेटी ४० अंशाला जाते. वरचे सगळे आकडे २५ अंशाचे, १५ अंश वाढले की ०.३ व्होल्ट तरी कमी करावं लागतं. चार्जरला टेंपरेचरची वायर आली असेल आणि तशीच पिशवीत पडली असेल (पडलीच असणार) तर ती बॅटरीला चिकटवा.

सेटिंग बदलल्यावर एकदा फुल्ल चार्ज करून रात्रभर काहीही न लावता ठेवा आणि सकाळी मोजा. १२.८ व्होल्टच्या जवळ असेल तर वाचल्या, १२.४ म्हणजे पाऊणच भरलीय, आणि पुन्हा चार्ज करूनही तेवढीच राहिली तर वॉरंटीचा कागद शोधा.

प्रश्न : पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा बॅटऱ्या बोटीतच ठेवल्या तर चालेल का?
— ह्याच पत्राच्या शेवटी

उत्तर : नको. शिवसागर जलाशयाचं पाणी गोडं असलं तरी तिथला पाऊस माहितीय ना, टर्मिनलला पांढरी बुरशी धरते. फुल्ल चार्ज करून, वायरी सोडून घरी आणा, कोरड्या जागी ठेवा, महिन्यातनं एकदा मोजा आणि १२.५ च्या खाली गेली की एक रात्र चार्जरला लावा. आणि लावायच्या आधी तो स्विच एजीएमवरच आहे का बघा, पोरं खेळताना फिरवतात.