मुलीला घेऊन डॅलसला यावं का?

कंपनी डॅलसला पाठवतेय, मुलगी 6 वर्षांची आहे आणि गोळीबाराच्या बातम्यांनी बायको धास्तावली आहे, तर यावं का, असं तुम्ही विचारलंय. पगार, घरभाडं बाकीचे सांगतील. मी 11 वर्षं डॅलसला लागूनच प्लेनोत आहे, धास्तीपुरतं लिहितो.

माझी लेक पहिलीत असताना आई सांगलीहून आली होती. एका संध्याकाळी लेकीने आजीला शाळेतला ‘खेळ’ शिकवला. दिवे बंद, दारापासून लांब भिंतीला टेकून बसायचं, हूं की चूं करायचं नाही. आई दुखऱ्या गुडघ्यांनी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “अगं, पण राज्य कुणावर आहे?” लेक कुजबुजली, “आजी, बोलू नको ना, त्याला ऐकू जाईल.” लॉकडाउनचा, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर लपून बसायचा सराव होता तो. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

6 मे 2023 ला आमच्या शेजारच्या एलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये 8 जण मारले गेले. त्यांत 3 मुलं होती, हैदराबादची एक तरुण इंजिनिअरही होती. लेकीचे बूट आम्ही तिथूनच आणतो. त्या रात्री ती झोपल्यावर एकच प्रश्न डोक्यात होता: पुण्यातली बरी नोकरी सोडून हिला इथे आणलं कुणी? मीच. ज्यांची मुलं गेली त्यांच्यापुढे हे काहीच नाही, कळतं. टेक्सासमधल्याच युवाल्डेच्या शाळेत 2022 साली हल्ला झाला, 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. पोलीस तासाभराहून जास्त वेळ आत खोळंबले आणि आईबाप बाहेर आक्रोश करत होते. हल्लेखोराने 18 पूर्ण होताच कायदेशीर रायफल घेतली होती, म्हणून ते पालक टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला जाऊन वयाची अट 21 करा म्हणत राहिले. एलननंतर दोनच दिवसांनी तिथल्या विधिमंडळाच्या समितीने तसं विधेयक मंजूर केलं. सभागृहात ते मतदानाला आलंच नाही.

तरी शाळेपेक्षा घरांची काळजी जास्त करा. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे, आणि त्यात शाळेतले हल्ले अगदी थोडे. बाकीचे खून, आत्महत्या, कुलूप नसलेली हत्यारं. मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर आधी विचारा, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना माझे कान तापले होते. शेजारी मात्र रागावला नाही, उलट गॅरेजमधली तिजोरी दाखवली. आपल्यातल्याच एकाने घरी पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) मोठ्या कौतुकाने पलंगाशेजारचा खण उघडून पिस्तूल दाखवलं, त्याच्याकडे लेकीला राहायला पाठवत नाही. मिशिगनमध्ये मुलाने शाळेत 4 जणांना मारलं, त्याच्या आईबापांना 2024 साली 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली, ती याच निष्काळजीपणाबद्दल.

या, पण बायकोला हे सगळं सांगून या. व्हिसावर मत देता येत नाही, समितीपुढे बोलता मात्र येतं. ऑस्टिन साडेतीन तासांवर आहे, माझ्या गाडीत दोन जागा रिकाम्या असतात.