'अभिजात'मधली जात कोणती?

प्रश्न असा : अभिजात म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. मग मराठीला मिळालेल्या 'अभिजात भाषा' या बिरुदात जात दडली आहे का? आणि हिंदीसारखं सरळ 'शास्त्रीय भाषा' का म्हणू नये?

इथला 'जात' म्हणजे जन्मलेला, नवजात बालकातला. दाखल्यावरची जात आली 'जाति'वरून. धातू दोन्हींचा जन् हाच, म्हणजे चुलत भावंडं, पण शब्द वेगळे. कुलीनपणाचा वास मात्र खोटा नाही. संस्कृतात तो अर्थ आहेच, आणि मराठीत 'अभिजन' शेजारीच बसल्याने तो जरा जास्त येतो. गंमत म्हणजे गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला जसा 'अभिजात', तसा आसुरी संपत्ती घेऊन आलेलाही 'अभिजात'च! बरं, 'अभिजात' ज्याचं भाषांतर, त्या इंग्रजी 'क्लासिकल'चं कूळ तरी कुठे साधं आहे? लॅटिनमधला 'क्लासिकस' म्हणजे वरच्या वर्गातला नागरिक. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो लेखकांना लावला, आणि त्याच्या विरुद्ध कोण, तर 'प्रोलेटेरियस', म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गातला.

'शास्त्रीय'ची अडचण वेगळी. हिंदीत सायन्सचं काम 'वैज्ञानिक' करतो, त्यामुळे 'शास्त्रीय' मोकळा राहतो. आपल्याकडे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत असतो. शास्त्रीय संगीत रुळलं, पण 'शास्त्रीय भाषा' म्हटलं की मला रसायनशास्त्राचं पुस्तक आठवतं. मल्याळमने 'श्रेष्ठभाषा' घेतला, बंगालीने 'ध्रुपदी'. मला विचाराल तर बंगाली शब्द सगळ्यांत देखणा.

माझी तक्रार खरं तर दुसरीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि जिकडेतिकडे 'अभिजात दर्जा' झाला. अहो, अभिजात भाषा, दर्जा नव्हे. 'अभिजात भाषेचा दर्जा' लिहायला एकच शब्द जास्त लागतो.

कुलीनतेचंच म्हणाल, तर प्राचीनतेचा पुरावा म्हणून आपण पुढे केली ती गाथासप्तशती, प्राकृत कवितांचा जुना संग्रह. त्यात शेतकरी, पारधी, गावच्या बायका. ती ज्या महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत आहे, तिच्यात संस्कृत नाटकांतल्या स्त्रिया गाणी म्हणायच्या. राजा बोलायचा संस्कृत.