सायझिंगची खळ थोडीच दाट केली तरी एकदम एवढी चिकट का होते?

विणण्याआधी सुताला चढवायची ही खळ पाणी जरा कमी पडलं की बोटांत तार धरते, हे सोलापूरच्या लूमवाल्यांना सांगायला नको. पातळ द्रावणात खळीतल्या पीव्हीए या पॉलिमरची (म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाची) प्रत्येक साखळी आपली गुंडाळी करून सुटी तरंगते. दाट झालं की साखळ्या एकमेकींत अडकतात, आडवं सरकायला जागाच उरत नाही. मग एकच वाट: टोक फट दिसेल तिथे घुसतं आणि उरलेलं अंग सापासारखं मागून सरपटतं. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत हात धरून चाललेली पोरांची माळ आठवा (फक्त इथे शेवटचं पोरही मधेच पुढारी होतं!). ही कल्पना १९७१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी मांडली. द्रवस्फटिक आणि पॉलिमरवरच्या कामासाठी त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खरी गंमत आकड्यात आहे. गुंता पुरेसा झाल्यावर साखळीची लांबी दुप्पट केली, तर हिशेबाने चिकटपणा ८ पट व्हायला हवा, प्रयोगात मात्र साधारण १० पट भरतो. स्टार्चची खळ असेल तर आणखी भानगड: त्यातल्या अमायलोपेक्टिनला फांद्या असतात, आणि फांदी आत ओढून घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.