पक्ष डावा की उजवा, हे ठरवायचं कसं?

प्रश्न : एकाच पक्षाला कुणी मध्यममार्गी म्हणतं, कुणी उजवा, तर कुणी त्याची धोरणं डावी असल्याचं सांगतं. आपलं आपण पडताळायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

आधी एका रेषेच्या दोन करा. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले आणि नको म्हणणारे डावीकडे. तेव्हाचा वाद मुख्यतः राजाच्या अधिकारांचा होता. आज निदान दोन वाद आहेत. एक पैशाचा : कर, सरकारी खर्च, खासगीकरण, कामगार कायदे. दुसरा समाजाचा : स्थलांतर, विवाह, गर्भपात, धर्म, राष्ट्र. पोलंडचा 'कायदा आणि न्याय' पक्ष पाहा. सत्तेत असताना त्याने २०१६ पासून मुलांमागे दरमहा ५०० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये निवृत्तीचं वय पुन्हा खाली आणलं. गर्भपात आणि विवाहाच्या बाबतीत मात्र तो ठामपणे परंपरावादी. दोन्हींची सरासरी काढली तर हा पक्ष मधोमध जाऊन बसेल, आणि ते साफ चूक ठरेल.

म्हणून प्रत्येक रेषेसाठी चार-पाच मुद्दे निवडा आणि ० (पूर्ण डावा) ते १० (पूर्ण उजवा) असे गुण द्या. मागच्या दोन निवडणुकांचे जाहीरनामे वाचा. पक्ष सत्तेत होता का? मग त्याचे अर्थसंकल्पही पाहा. भाषणांना कमी महत्त्व द्या. दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. एखाद्या मुद्द्यावर दोनाहून जास्त फरक पडला, तर बहुतेक वेळा मुद्दाच मोघम मांडलेला असतो. 'पक्ष शेतकऱ्यांच्या बाजूचा आहे का?' यावरून काहीच ठरत नाही. 'अनुदान वाढवणार की बाजार खुला करणार?' यावरून ठरतं.

प्रश्न : जाहीरनाम्यांवरून काढलेले आकडे कितपत भरवशाचे?

उपयोगी आहेत, पण ते कसे निघतात हे माहीत हवं. 'मॅनिफेस्टो प्रोजेक्ट'मध्ये जाहीरनाम्याचे वाक्यागणिक तुकडे करून प्रत्येकाला एका विषयात टाकतात. १३ विषय उजवे धरलेत, १३ डावे. उजव्यांच्या टक्केवारीतून डाव्यांची वजा केली की उणे १०० ते अधिक १०० मधला आकडा मिळतो.

समजा, ४०० वाक्यांत १२० डावी, ६० उजवी आणि उरलेली २२० दोन्हींत न बसणारी. १५ वजा ३०, म्हणजे उणे १५. तीच २२० वाक्यं हिशेबातून काढली तर ६० वजा १२० भागिले १८०, म्हणजे जवळपास उणे ३३. जाहीरनामा तोच, पक्ष मात्र दुपटीहून अधिक डावा दिसतो! पर्यावरणरक्षणाची वाक्यं या २६ विषयांत येतच नाहीत, त्यामुळे पर्यावरणवादी पक्ष असतील त्यापेक्षा शून्याच्या जवळ दिसतात. शिवाय हा आकडा पक्ष कशाबद्दल किती बोलतो हे मोजतो. भूमिका न बदलता केवळ कायदा-सुव्यवस्थेची चार पानं वाढवली तरी पक्ष उजवीकडे सरकतो. कुठलाही आकडा वापरण्याआधी त्याचा छेद तपासा, एवढा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : मग संसदेतल्या मतदानावरूनच का ठरवू नये?

जिथे सदस्य पक्षादेशाबाहेर मत देऊ शकतात, तिथे ही पद्धत चांगली चालते. जिथे पक्षादेश कडक, तिथे मतदानातून डावे-उजवे कमी आणि सरकार-विरोधक जास्त दिसतं. एखादं विधेयक फारच मवाळ वाटलं म्हणून अति-डावे विरोधात जातात, फारच जहाल वाटलं म्हणून अति-उजवे. यादीत दोघं शेजारी! अशा वेळी मतदानाआधीच्या चर्चेतली कारणं आणि मांडलेल्या दुरुस्त्या वाचाव्यात.

प्रश्न : दोन देशांतल्या पक्षांची तुलना करता येते का?

मुद्द्यागणिक येते. 'आरोग्यसेवेचा खर्च कोणी करावा?' याची उत्तरं शेजारी ठेवा. नुसत्या 'मध्य' या शिक्क्यावर जाऊ नका, कारण प्रत्येक देशाचा मध्य तिथल्या पक्षांवरून ठरतो.