चंद्र पॅसिफिक महासागराच्या जागेतून तुटून निघाला, की पृथ्वीने तो पकडला? शास्त्रज्ञ नक्की काय मानतात?

पॅसिफिकमधून तर नाहीच नाही, आणि पकडलेलाही नाही. आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की मंगळाएवढा एक ग्रह पृथ्वीला धडकला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला. याच पॅसिफिकच्या गोष्टीवरून माझ्या मुलीचे गुण कापले गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिने चंद्राच्या जन्माचं मॉडेल मांडलं होतं. शाडूची अर्धी कापलेली पृथ्वी, आत लोखंडाचा गाभा आणि तिला तिरका धडकणारा गेरूने रंगवलेला मंगळाएवढा ग्रह, थिया. परीक्षक म्हणाले, "चंद्र पॅसिफिकमधून निघाला, आम्ही हेच शिकलोय." तिने सांगितलं, "सर, तिथला तळ जास्तीत जास्त वीसेक कोटी वर्षांचा आहे आणि चंद्र साधारण ४५० कोटी." तर म्हणे, उलट बोलू नकोस. मी मध्ये पडले तेव्हा म्हणाले, "अहो ताई, शेवटी सगळे अंदाजच ना!"

हे मला आजही खटकतं. अंदाज तपासता येतात हो. जॉर्ज डार्विनने, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या मुलाने, एकोणिसाव्या शतकात चंद्र पृथ्वीपासूनच सुटल्याचं मांडलं, आणि १८८२ मध्ये भूशास्त्रज्ञ ऑसमंड फिशरने त्याला पॅसिफिकचा खड्डा जोडला. पण तसं तुटायला पृथ्वीला दोन-अडीच तासांत स्वतःभोवती फेरी मारावी लागली असती, आणि पृथ्वी-चंद्राचा आजचा सगळा कोनीय संवेग (म्हणजे फिरण्याचा एकूण जोर) एकवटला तरी एवढा वेग येत नाही. तिथेच ती कल्पना मेली.

चंद्राची घनता दर घन सेंटिमीटरला ३.३४ ग्रॅम, पृथ्वीची ५.५१. चंद्रात लोखंड फार थोडं आहे. दोघे शेजारी-शेजारी एकाच मालातून बनले असते तर एवढा फरक का? १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी टकरीची कल्पना मांडली. तिच्यात याचं उत्तर मिळतं: जड लोखंड पृथ्वीच्या पोटात गेलं आणि बाहेर उडालेल्या, मुख्यतः वरच्या खडकाळ थरांतल्या मालाचा चंद्र झाला. एवढ्या धडकेत तो वितळलेलाच असणार. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने दक्षिण ध्रुवाकडची माती तपासली, तिची घडण अशा वितळलेल्या चंद्राशी जुळते. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याच यानाने आणलेली माहिती आहे, परीक्षकांनी निदान ती तरी वाचावी.

हो, एक गाठ अजून सुटलेली नाही. अपोलोने आणलेल्या खडकांतली ऑक्सिजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. थियाचा माल वेगळा असेल तर हे कसं? धडक किती जोराची होती, दोन्हींचा माल किती मिसळला, यावर अजून वाद चालू आहेत. पण तो वाद टकरीच्या तपशिलाचा आहे, पॅसिफिकचा नाही.

तुमच्या मुलांचे असे गुण कापले गेले तर लेखी कारण मागा. मला आयोजकांनी दिलं नाही. तरी मागाच.