वेदीची गाठ

प्रिय बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्काउट पथकात अकराच मुलं उरली, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की पोरं क्लासला पळतात, आणि धर्मग्रामाला, म्हणजे चर्चच्या मंडळींना, स्काउट आठवतात ते फक्त फेस्ताच्या सणाला खुर्च्या मांडायला. सगळं खरं आहे. पण मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘सगळं मलाच करावं लागतं.’

कोणी सांगितलं तुला करायला? पॅट्रोल लीडर, पथकातल्या छोट्या गटांचे म्होरके, कशाला आहेत?

१९०७ साली स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल वीसेक मुलं घेऊन इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर गेले, तेव्हा त्यांनी मुलांची चार पॅट्रोल पाडली आणि प्रत्येकावर त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. १९२० मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिक स्काउट संघटना उभी करणाऱ्यांत जेझुइट फादर जाक सेव्हँ होते. त्यांनी या कामाला प्रार्थनेची जोड दिली, पण पॅट्रोलला हात लावला नाही. काम मुलांच्या हातात दे. हे मी तुला आधीही सांगितलंय.

मी स्वतः हे एकदा विसरलो, ते सांगतो. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी कॅम्प होता. रविवारच्या मिस्सेसाठी बांबूची वेदी बांधायचं काम एका पॅट्रोलकडे होतं. लीडर तेरा वर्षांचा, डावखुरा. उभ्या बांबूला क्लोव्ह हिचची गाठ, मग आडव्यावरून वेढे, मधून आवळणी, सगळं त्यानं बरोबर केलं, फक्त वेदी जराशी हलत होती. बाहेरून पाहुणे येणार होते. रात्री पोरं झोपल्यावर मी चारही बांधण्या सोडल्या आणि नव्यानं बांधल्या. सकाळी वेदी ताठ उभी होती. तो मुलगा जवळ आला, त्यानं दोरीवरून बोट फिरवलं. वेढे उलट्या दिशेनं गेलेले त्याला लगेच कळले. बोलला काहीच नाही. पावसाळ्यानंतर तो आला नाही. फादरांनी एका हातानं वेदी धरून मिस्सा केली असती, तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर मी कधी हात घातला नाही. एका वर्षी पावसात तंबू पडले, पालक भांडायला आले, मला निष्काळजी म्हणाले. मी रात्रभर टॉर्च घेऊन वीस पावलांवर जागा होतो रे! मुलांनी अंधारात, भिजत तंबू पुन्हा उभे केले. मी आजही तसंच करीन.

आणि तू? हजेरी तू घेतोस, भाजी तू आणतोस, खेळ तू ठरवतोस. मग क्लास सोडून त्यांनी तुझ्याकडे यायचं कशासाठी, नुसतं बघायला? तू थकलायस, हे मला दिसतं. माझाही जीव तुटतो. पण काम त्यांच्या हातात दे.

येत्या रविवारी सामानाच्या खोलीची किल्ली मोठ्या लीडरला दे. कॅम्पची जागा, पैसे, जेवण त्यांना ठरवू दे. भात करपला तर तोच खा, त्यांच्यासोबत बसून. आणि वेदी त्यांनी बांधली की रात्री तिकडे फिरकू नकोस.

तुझा,
जुना स्काउटमास्तर