वर्गीकरण, क्रमवारी आणि कार्यक्षमता

प्रश्न असा आहे: 'एफिशियन्सी ऑफ पॅरलल सॉर्टिंग अल्गोरिदम्स' या इंग्रजी मथळ्याच्या भाषांतरासाठी 'समांतर वर्गीकरण अल्गोरिदमचा वेग' चालेल का?

'समांतर' (म्हणजे अनेक प्रोसेसरनी एकाच वेळी केलेलं) रुळलेला आहे, तो राहू द्या. 'वर्गीकरण' आणि 'वेग' हे दोन्ही शब्द बदलायला हवेत.

वर्गीकरण म्हणजे वर्ग पाडणं. उत्तरपत्रिका विषयवार वेगळ्या केल्या की वर्गीकरण झालं. त्याच पत्रिका बैठक क्रमांकाप्रमाणे एकाखाली एक ठेवल्या की आपण त्या 'लावल्या' म्हणतो. पत्तेही असेच लावतो. सॉर्टिंग म्हणजे हे लावणं, म्हणून 'क्रमवारी'. 'प्रतवारी'ही नको, ती कांद्याची आणि कापसाची.

'वेग'ने तर अर्थच बिघडतो. एका प्रोसेसरला 80 सेकंद लागणारं काम 8 प्रोसेसरनी 16 सेकंदांत केलं, तर वेगवाढ 5 पट. ती 8 ने भागली की 62.5 टक्के, आणि या भागाकारालाच इथे एफिशियन्सी म्हणतात. म्हणजे कामाला लावलेल्यांपैकी किती बळ खरोखर कामी आलं, ते.

उत्तरपत्रिकांकडेच परत येऊ. गठ्ठे वाटून घेतले, ज्याने त्याने आपापला लावला. मग दोन-दोन गठ्ठे एकत्र करत गेलो, की दर फेरीला निम्मे लोक मोकळे होतात आणि शेवटचे दोन मोठे गठ्ठे एकटाच जुळवत बसतो. 1,024 पत्रिकांचा हिशेब करून पाहा. एकट्याला 10 फेऱ्यांत मिळून साधारण 1,024 गुणिले 10, म्हणजे 10,240 पायऱ्या लागतात. 512 जणांना, दर फेरीला तयार होणाऱ्या गठ्ठ्यातल्या पत्रिकांइतक्या पायऱ्या धरून, 2 + 4 + 8 असं करत 1,024 पर्यंत, एकूण 2,046. वेगवाढ 5 पट, पण 512 ने भागल्यावर हाती येतो जेमतेम 1 टक्का! पद्धत वेगवान झाली, कार्यक्षम नाही. हा फरक मथळ्यात दिसलाच पाहिजे.

संगणकशास्त्रज्ञ केन बॅचर यांनी 1968 साली मांडलेल्या क्रमवारीच्या बायटॉनिक पद्धतीत जुळवणीही सगळे मिळून करतात. तेवढ्याच पत्रिका, तेवढीच माणसं, पायऱ्या 55. वेगवाढ सुमारे 186 पट, कार्यक्षमता 36 टक्क्यांच्या आसपास.

'कार्यक्षम अधिकारी' म्हणताना आपल्याला कामाचा उरक अभिप्रेत असतो, म्हणून पहिल्या वापराशी 'प्रति प्रोसेसर वेगवाढ' असा खुलासा जोडा. मथळा मात्र सुटसुटीत ठेवा: 'समांतर क्रमवारी अल्गोरिदमची कार्यक्षमता'.